सळया सरळ कशाला केल्या?

साइट ऑफिसात माझ्या टेबलामागे एक फोटो लावलेला आहे. एका मोठ्या दालनात जमिनीवर गंजक्या सळयांचा थर, लाटांसारखा वरखाली होत गेलेला. सळया बांधायला येणारा प्रत्येक फिटर तो पाहतो आणि थोड्याफार फरकानं एकच विचारतो, "साहेब, परत कामात घ्यायच्या नव्हत्या, तर सरळ कशाला केल्या?" तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट लिहितो.

चिनी कलावंत आय वेईवेई याची ही कलाकृती मी २०१५ च्या शरदात लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत पाहिली. सळया चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शाळांच्या आहेत. १२ मे २००८ ला दुपारी, शाळा भरलेल्या असताना तिथे भूकंप झाला. एकूण बळी ६९ हजारांवर. काही ठिकाणी शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शाळा तेवढ्या बसल्या. आईबाप विचारू लागले, तर त्यांना गप्प करण्यात आलं. असल्या कच्च्या बांधकामाला तिकडे 'टोफूचा चोथा' म्हणतात, म्हणजे सोयाबीनचं पनीर करताना उरणारा भुसभुशीत चोथा. लोखंड-सिमेंटचं काम करणाऱ्या माणसाला हा शब्द लागतो. मला लागला.

किती मुलं गेली आणि कोणती, हे सरकार सांगेना. तेव्हा आय वेईवेईनं स्वयंसेवक गोळा केले आणि ते गावोगाव, घरोघर विचारत फिरले. नावं पाच हजारांवर गेली. २००९ मध्ये त्याचा ब्लॉग बंद केला गेला. त्याच वर्षी सिचुआनमधल्या चेंगडू शहरात पोलिसांनी त्याला इतकं मारलं, की पुढे म्युनिकमध्ये मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचे वडील, कवी आय छिंग, यांनाही माओच्या काळात शिनजियांगला धाडून शौचालयं साफ करायला लावलं होतं. मुलगा त्या हद्दपारीतच वाढला. सत्तेला नको असलेलं बोललं की काय होतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरीही तो बोलला. माझ्या मनात त्याच्याबद्दल जो आदर आहे, तो सगळ्यात आधी यासाठी.

ढिगाऱ्यातल्या सळया त्यानं भंगारातून विकत घेतल्या आणि स्टुडिओत एकेक हातोड्यानं सरळ करून घेतल्या. काम काही वर्षं चाललं. २०११ मध्ये त्याला ८१ दिवस कोठडीत ठेवलं, तेव्हाही हातोडे चालूच होते.

पाडकामाच्या जागी फुटपाथवर बसून सळया ठोकणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती किलोच्या भावासाठी ठोकतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण इथे भाव नव्हता. वाकवून पुन्हा सरळ केलेल्या सळईवर मी कॉलम उभा करणार नाही, कारण जिथे ती वाकली होती तिथे लोखंड आधीच ताणलं गेलेलं असतं. मग सरळ का केल्या? माझं उत्तर असं. सळई सरळ असते ती गाडीतून उतरते तेव्हा. अजून कापलेली नसते, बांधलेली नसते. किती लावायच्या, उभ्या-आडव्या सळयांना बाहेरून आवळणाऱ्या रिंगा किती अंतरावर घ्यायच्या, सिमेंट किती घालायचं, सगळं अजून हातात असतं. आयनं त्या सळया त्या दिवसापर्यंत मागे नेल्या. लोखंड मागे जातं, मुलं जात नाहीत. म्हणून त्याच दालनात भिंतीवर मुलांची नावं होती, वरपासून खालपर्यंत. मला चिनी येत नाही. मी नुसताच ओळींवरून नजर फिरवत राहिलो. खूप वेळ लागला आणि यादी संपली नाही.

परत आल्यापासून स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी रिंगांमधलं अंतर मी स्वतः टेप लावून मोजतो. फिटर कंटाळतात, कारण दिवसभर उन्हात वाकून त्यांची पाठ गेलेली असते. मी त्यांना थांबवून ठेवतो. सुटलेली एखादी रिंग सापडली तर ती त्याच संध्याकाळी बांधून घेतो.