हा नर कुणाचा?

लाइट ट्रॅपचे, म्हणजे रात्री दिवा लावून किडे पकडायच्या सापळ्याचे, नमुने आले की आमच्याकडे पहिली वर्गवारी विद्यार्थी करतात. पतंग एकीकडे, भुंगेरे एकीकडे, डास-माश्या वेगळ्या आणि उरलंसुरलं 'गांधीलमाश्या व इतर' अशा चिठ्ठीच्या बाटलीत. ही शेवटची बाटली मी दुसऱ्या कुणाला देत नाही. त्या 'व इतर'मध्ये काय निघेल याचा नेम नसतो.

त्या सकाळी निघाला तो सात-आठ मिलिमीटरचा, तपकिरी, लांबट अंगाचा एक पंखवाला. टपोरे डोळे, कपाळावर तीन ठळक साधे नेत्र. विद्यार्थ्याने त्याला गांधीलमाशी ठरवलं होतं आणि त्यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. खुद्द लिनियसने १७६४ साली आफ्रिकेतल्या अशाच एका नराला 'व्हेस्पा', म्हणजे गांधीलमाश्यांच्या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) बसवलं होतं. लिनियसचा तो नर पुढे निघाला डोरायलस या लष्करी मुंगीचा. आमचाही मुंगीचाच होता.

"पण मॅडम, ही मुंगी कशावरून?"

त्याला मायक्रोस्कोपवर बसवलं. कंबरेला एक गाठ आहे, ती बघ. आता पोटाचं टोक बघ. जननांग पूर्ण आत ओढलेलं आणि खालच्या शेवटच्या पट्टीला बाहेर आलेले दोन काटे. ही लष्करी, म्हणजे टोळीने शिकारीला निघणाऱ्या मुंग्यांकडची खूण. डोरायलसचा नर असता तर दोन-तीन सेंटिमीटरचा, सॉसेजसारखा जाडजूड असता. पंखांच्या शिराही ताडून पाहिल्या. जीनस ठरला, एनिक्टस.

खरी अडचण इथून पुढे. मुंगीची प्रजाती ओळखायची म्हणजे कामकरी मुंगी ओळखायची. डोक्याची लांबी-रुंदी, स्पर्शिकेच्या पहिल्या भागाची लांबी, त्यांची एकमेकांशी गुणोत्तरं, कंबरेच्या गाठींचा आकार, अंगावरची नक्षी, सगळ्या किल्ल्या, म्हणजे ओळख पटवायचे तक्ते, यावर रचलेल्या. एनिक्टसची कामकरी तीन-चार मिलिमीटरची, पार आंधळी, कंबरेला दोन गाठी, स्पर्शिकेला बहुधा दहा भाग. नराला तेरा भाग, एक गाठ आणि अर्धं डोकं डोळ्यांनी व्यापलेलं. एकाचं कुठलंच माप दुसऱ्याला लागू होत नाही.

त्यात राणीला पंख नसतात आणि कामकऱ्या जमिनीवर, पाचोळ्यात किंवा मातीखाली वावरतात. उडतो फक्त नर, आणि दिव्यावर येतो. म्हणून संग्रहालयांत नर एकटे येऊन पडतात आणि पाचोळ्याच्या नमुन्यांत कामकऱ्या नरांशिवाय. एनिक्टसच्या कितीतरी प्रजाती आजही फक्त नरावरूनच माहीत आहेत. त्यांची कामकरी कदाचित दुसऱ्या नावाने शेजारच्याच पेटीत असेल.

हा गोंधळ जुना आहे. १८४० मध्ये शुकार्ड यांनी एनिक्टस हा जीनस मांडला तो भारतातल्या एका नरावरून. १८५७ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी आग्नेय आशियातल्या कामकऱ्यांना 'टिफ्लाटा' असं स्वतंत्र नाव दिलं. दोन्ही एकच, हे कळायला मुंबई इलाख्यातल्या एका वनाधिकाऱ्याची नजर लागली. रॉटन यांना नर आणि कामकऱ्या एकत्र सापडल्या आणि १८९० मध्ये ऑग्युस्त फोरेल यांनी ते जाहीर केलं. (स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर ज्यांचं चित्र होतं तेच हे फोरेल. मुंग्यांच्या अभ्यासकाला असा मान क्वचितच मिळतो, म्हणून मी हे संधी मिळेल तिथे सांगते.) डोरायलसची गत याहून वाईट होती. नर डोरायलस, कामकरी टिफ्लोपोन आणि राणी डिक्थॅडिया, असे एका घरातल्या तिघांचे तीन जीनस!

आमच्याच अभ्यासक्षेत्रातून मातीच्या नमुन्यांत एनिक्टसच्या दोन तऱ्हेच्या कामकऱ्या आधीच आल्या होत्या. एक पिवळसर नि गुळगुळीत, दुसरी काळपट आणि छातीवर खरबरीत. हा नर यांतल्या एकीचा की तिसऱ्याच कुणाचा, हे नुसतं बघून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

दुपारी जंगलातल्या तळावरून मैत्रिणीचा फोन आला. ती बेडकांवर काम करते, मुंग्यांशी तिचा संबंध पायाला चावल्या तरच. "अगं, काळपट मुंग्यांची एक रांग चाललीय, दुसऱ्या मुंग्यांचे कोष पळवून नेतायत. आणि मध्येच एक लांबडं काहीतरी आहे, मुंग्यांच्या दुपटीहून मोठं."

"पंख आहेत?"

"नाहीत."

"नीट बघ. खुंटं आहेत का?"

ती बहुतेक गुडघ्यांवर बसली असावी. "आहेत. फाटल्यासारखी."

"चालतंय की ओढतायत?"

माझा सगळा जीव या प्रश्नात होता. या मुंग्या मुख्यतः दुसऱ्या मुंग्यांवरच जगतात. ओढून नेत असतील तर ती शिकार, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण लष्करी मुंग्यांचा नर राणीच्या शोधात उडून परक्या वसाहतीत शिरतो, पंख टाकतो आणि पसंत पडला तर कामकऱ्या त्याला आपल्यात घेतात. रांगेतून आपल्या पायांनी चालणारा बिनपंखी नर म्हणजे जवळजवळ लग्नाची वरातच.

"चालतंय. मुंग्या त्याच्या आजूबाजूने, अंगावरूनही जातायत. चावत नाहीयेत."

मग मी तिला सूचनांनी भंडावलं. आधी व्हिडिओ काढ. नर वेगळ्या बाटलीत, कामकऱ्या वेगळ्या, पण दोन्हींवर एकच क्रमांक. अल्कोहोल ९५ टक्क्यांचं वापर, डीएनए काढायचाय. कामकऱ्या रांगेच्या एकाच टोकाच्या नकोत. जमलं तर कोष नेतायत त्या दिशेने मागोमाग जा, मुक्कामाची जागा सापडेल. ती गेलीही, पण पावसाची सर आली आणि रांग एका मुळाखाली दिसेनाशी झाली. उद्या परत जाण्यात अर्थ नव्हता. या मुंग्या मुक्काम हलवत राहतात.

बाटल्या आल्यावर दोन्ही नर शेजारी ठेवले. जननांगं सोडवून काढली, काट्यांची ठेवण पाहिली. रांगेतला आणि दिव्यावरचा एकाच प्रजातीचे, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही. कामकऱ्या त्या काळपट, खरबरीत छातीच्या. प्रत्येक नराचा आणि दोन कामकऱ्यांचा एकेक पाय डीएनएसाठी गेला. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडून येतो, म्हणून नर त्याच वसाहतीत जन्मलेला असता तर त्याचा क्रम कामकऱ्यांशी तंतोतंत जुळायला हवा. बाहेरून आलेल्या नरात थोडा फरक निघेल, पण प्रजाती एकच असेल तर तो थोडाच.

सरांना तेवढ्यात घाई झाली. त्या काळपट कामकऱ्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं. "नवीन प्रजाती आहे, आता तर नरही मिळाला. लिहून टाका."

"नर मिळाला म्हणूनच थांबायला हवं, सर."

एकट्या कामकरीवर आम्ही नवं नाव दिलं असतं तर ते निदान चाललं तरी असतं. आता हा नर जुन्या कुठल्या नरावरून दिलेल्या नावाशी जुळला, तर अग्रक्रमाच्या, म्हणजे आधी दिलेलं नाव टिकतं या, नियमाने आमच्या कामकरीला तेच नाव लागेल आणि आमचं नाव जन्मतःच बाद. जुनी वर्णनं चार-सहा ओळींची: रंग, लांबी, केसाळ की नाही. त्यांवरून काही ठरत नाही. टाइप नमुनेच, म्हणजे ज्यांवरून नाव दिलं ते मूळ नमुने, बघावे लागतात. फोरेल यांचा संग्रह जिनिव्हात आहे, बरंचसं लंडनमध्ये. त्यांतल्या किती नरांची जननांगं कुणी उघडून पाहिली असतील, कोण जाणे.

सर थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "बरं, पत्र मी लिहितो. फोटो कुठल्या बाजूने हवेत तेवढं सांगा." मी यादी दिली. पहिल्या क्रमांकावर पोटाचं टोक, खालून.