यादी कुठे ठरते?

लेखा शाखेत 31 वर्षे काढून निवृत्त झालेल्या माणसाला कोटींचा आकडा दिसला की आधी त्याचे लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च हिशेबात कोणत्या खात्याखाली पडतो ते, शोधण्याची खोड जडलेली असते. 16 सप्टेंबर 2023 रोजी, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरात झाली आणि मराठवाड्यासाठी 45 हजार कोटींहून अधिक रकमेची कामे जाहीर झाली, तेव्हा परभणीतल्या माझ्या घरी मीही वही घेऊन बसलो होतो. त्याआधी, ऑक्टोबर 2016 मध्ये, त्याच शहरातल्या बैठकीतून 49 हजार कोटींचा आकडा बाहेर आला होता. दोन्ही वेळा घोषणा भर पत्रकार परिषदेत झाली. मात्र एखादे काम यादीत कोणत्या निकषावर आले आणि त्याच्या शेजारचे कशामुळे गळाले, हे समजण्याची सोय नव्हती.

म्हणून मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका विभागाकडे माहितीचा अर्ज केला. आमच्या तालुक्यातल्या एका पुलाच्या कामाचा प्रस्ताव कधी आला, त्यावर कोणते अभिप्राय नोंदवले गेले आणि मंत्रिमंडळासमोरच्या टिपणीत त्याविषयी काय म्हटले होते, एवढेच विचारले होते. तिसाव्या दिवशी उत्तर आले. मंत्रिमंडळाची कागदपत्रे माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 8(1)(झ) अन्वये देता येत नाहीत, असे एका वाक्यात कळवले होते.

हे कलम मी नीट वाचले. मंत्रिमंडळाच्या, सचिवांच्या आणि अन्य अधिकाऱ्यांच्या विचारविनिमयाच्या नोंदी त्यात खरोखरच वगळल्या आहेत, आणि निर्णयापूर्वीच्या काळापुरते ते मला मान्यही आहे, कारण आपली टिपणी उद्या चव्हाट्यावर येणार या धास्तीने वित्त विभागाचा अधिकारी ‘या कामाची गरज नाही’ असे स्पष्ट लिहिणारच नाही. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे. निर्णय झाल्यानंतर आणि विषय पूर्ण झाल्यानंतर तो निर्णय, त्याची कारणे आणि ज्या साहित्याच्या आधारे तो घेतला ते साहित्य, हे सारे जाहीर करायचे आहे. परंतुकाचा हवाला देऊन मी पहिले अपील केले. सुनावणीत सांगण्यात आले की काम अद्याप पूर्ण झालेले नसल्यामुळे विषय पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. पुलाचे काम अजून सुरूच झालेले नाही, तेव्हा या न्यायाने पूल जितका लांबेल तितकी कारणेही झाकलेली राहतील. (नोकरीत असतो तर असे उत्तर मलाही सुचले असते, हे कबूल करतो.)

यावर कोणी म्हणेल की पैसा शेवटी विधिमंडळच मंजूर करते आणि तिथले कामकाज तर उघड चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 प्रमाणे अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात, 204 प्रमाणे तिजोरीतून पैसा काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते आणि वर्षाच्या मध्ये रक्कम अपुरी पडली किंवा नवा खर्च उपटला तर 205 प्रमाणे पुरवणी मागण्या येतात. नियमाला धरून सगळे आहे. पण अर्थसंकल्पाला पूरक म्हणून असलेली ही वाट आता हमरस्ता झाली आहे: जुलै 2024 मध्ये, अतिरिक्त अर्थसंकल्प मांडून पंधरवडाही झाला नसताना, सुमारे 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सादर झाल्या आणि त्यांत लाडकी बहीण योजनेचे 25 हजार कोटी होते. एवढ्या मागण्या थोड्या दिवसांच्या अधिवेशनात येतात तेव्हा अनेक विभागांचा खर्च चर्चेविनाच मंजूर होतो. दिल्लीतही वेगळे चित्र नाही. मार्च 2018 मध्ये लोकसभेने वित्त विधेयक आणि सर्व मंत्रालयांच्या मागण्या गोंधळात, अर्ध्या तासाच्या आसपास, चर्चेविना संमत केल्या होत्या. ज्यावर भांडायचे ते सगळे सभागृहात येण्याआधीच कोणाच्या तरी दालनात मिटलेले असते आणि सभागृहात उरतो तो आवाजी मतदानाचा उपचार.

मराठवाड्याला याचे दुःख जास्त असण्याचे कारण आहे. आपल्याकडे उघड हिशेबाची एक परंपरा होऊन गेली. 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरले, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना केली आणि 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, 3,186 कोटींच्या घरात, तर मराठवाड्याचा सुमारे 750 कोटी काढला. त्या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ आले, पण ते घेता आले, कारण रीत कागदावर मांडलेली होती. मराठवाड्याच्या विकासासाठी झगडलेल्या गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीला आकड्यांवर भांडता आले ते त्यामुळे. पुढे प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या केळकर समितीचा अहवाल ऑक्टोबर 2013 मध्ये सरकारला मिळाला, पण विधिमंडळापुढे येण्यास डिसेंबर 2014 उजाडला.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीच्या वैधानिक विकास मंडळांचेही तसेच. अनुच्छेद 371(2) मध्ये मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. मंडळ काय करू शकले यापेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटत आले, कारण आपल्या वाट्याचा हिशेब मागण्यासाठी त्यात कोणाच्या कृपेची गरज नव्हती. 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली, आणि मंडळच नसेल तर त्याचा अहवाल कुठून येणार?

दोष एकट्या मंत्रालयाचा नाही. जिल्हा नियोजन समितीची बैठक झाली की आमच्याकडे पारावर पहिला प्रश्न ‘किती आले?’ असा असतो. कामांची यादी कोणी दिली, मार्चअखेरच्या पुनर्विनियोजनात कोणत्या लेखाशीर्षातून पैसे काढून कुठे टाकले, हे विचारणारा माणूस पारावर एकटा पडतो आणि बहुधा त्याला कोणाचा तरी विरोधक ठरवले जाते. मलाही ठरवून झाले आहे.

दुसरे अपील मी गेल्या महिन्यात दाखल केले. त्यात टिपणी मागितलेली नाही. पुलाचा प्रस्ताव आवक नोंदवहीत कोणत्या तारखेला चढला आणि त्याच महिन्यात आमच्या तालुक्यातून आणखी किती प्रस्ताव चढले होते, एवढेच विचारले आहे. आवक नोंदवही हे काही मंत्रिमंडळाचे कागदपत्र नव्हे. ती मी स्वतः अकरा वर्षे लिहिली आहे.