निळे पडदे आणि सीलबंद पाकिटं

शुक्रवार, १९ जुलै २०२४. आषाढी एकादशी बुधवारीच होऊन गेली होती, त्यामुळे आमच्या आयटीतली निम्मी मुलं अजून गावीच होती. सकाळी दहाच्या सुमारास चाकणच्या प्लांटमधून फोन आला: डिस्पॅचचे सगळे कॉम्प्युटर निळे पडलेत. पाठोपाठ रांजणगाव, मग आमचं पुण्यातलं ऑफिस. आम्ही गाड्यांचे सुटे भाग पुरवतो. मालाचं चलन आणि ई-वे बिल निघालं नाही, तर ट्रक गेटबाहेर पडत नाही. आणि ट्रक अडकला, की पुढच्या कारखान्याची लाइन थांबते.

"सर, रॅन्समवेअर! सगळीकडच्या नेटवर्क केबल काढायला सांगू?" टीममधल्या एकानं विचारलं. मी थांबवलं. खंडणीखोराला पैसे मागायचे असतात, म्हणून तो निदान पडदा तरी चालू ठेवतो. इथे मशीन सुरू व्हायच्या आणि लगेच पुन्हा कोसळायच्या. पडल्या होत्या त्या फक्त विंडोजच्या, त्यातही ज्यांवर आमचं सुरक्षा सॉफ्टवेअर होतं त्याच. लिनक्सचे सर्व्हर मजेत चालू होते. तरीही वेळ मी वहीत लिहून ठेवली. सायबर सुरक्षा बघणाऱ्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि हल्ला नाहीच, अशी खात्री त्या क्षणी कुणालाच नव्हती.

तासाभरात उलगडा झाला. ते सुरक्षा सॉफ्टवेअर क्राउडस्ट्राइक कंपनीचं. त्याची एक सदोष अपडेट फाइल आपल्याकडच्या ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली होती. सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसलेलं, त्यामुळे ते कोसळलं की अख्खं मशीन कोसळायचं. १० वाजून ५७ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकनं ती फाइल मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख मशीन आडव्या झाल्या होत्या. टीव्हीवर हैदराबाद विमानतळावरचे हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिसत होते. आमच्याकडे अकराच्या पुढे उगवणाऱ्या मंडळींचे लॅपटॉप मात्र सहीसलामत राहिले. वक्तशीरपणावर मी त्या दिवसापुरतं बोलणं टाळलं.

उपाय ऐकायला सोपा होता. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतं चालू करा, 'सी-०००००२९१'नं सुरू होणारी फाइल उडवा, रीस्टार्ट करा. पण हे पुण्यात बसून करता येत नव्हतं. प्रत्येक मशीनपुढे हाडामांसाचा माणूस हवा. शिवाय डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद, म्हणजे आधी ४८ आकडी रिकव्हरी की हवी. त्या सगळ्या की डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरवर साठवलेल्या, आणि डोमेन कंट्रोलरही निळे. त्यांचीही डिस्क कुलूपबंदच.

फौजेत मी सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात होतो. महूला शिकवलेलं एक कायमचं डोक्यात बसलंय: रेडिओ बंद पडला तर लाइन, लाइन तुटली तर डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप नेणारा जवान. पण त्या दिवशी मला वाचवलं ते फौजेनं नव्हे, सरकारी नोकरीनं. दिल्लीत प्रतिनियुक्तीवर असताना महत्त्वाच्या पासवर्डचं सीलबंद पाकीट, चिकटवलेल्या झाकणावर दोघांच्या सह्या, कपाटात बंद आणि सोबत नोंदवही, ही पद्धत मी बघितली होती. तेव्हा वैतागायचो. एवढ्याशा गोष्टीला तीन टिपण्या लागायच्या! पुढे खाजगी कंपनीत आल्यावर मी तीच पद्धत आणली, फक्त मोजक्या सर्व्हरच्या रिकव्हरी कीपुरती. मुलं हसली होती. "सर, आता आवक-जावक क्लार्कपण घेऊया का?" एका सल्लागारानं तर कागदावर की ठेवणं हा धोका आहे, असं अहवालात लिहिलं. त्याचंही चूक नव्हतं. म्हणूनच तर कपाट, सह्या आणि नोंदवही.

अकाउंट्सच्या तिजोरीतून पाकिटं निघाली, रजिस्टरमध्ये सह्या झाल्या. जेवणाच्या आत डोमेन कंट्रोलर उभे राहिले आणि बाकीच्या मशीनच्या की हाती लागल्या. दोन मुलं पेनड्राइव्ह घेऊन मोटरसायकलवर रांजणगावला निघाली. चाकणला मात्र आमचं कुणीच नव्हतं. तिथे मेंटेनन्सचे एक काका फोनवर होते, आयटीशी संबंध नसलेले. "साहेब, सांगा तुम्ही, मी दाबतो."

मग वायरलेसची शिस्त. एका वेळी एकच अंक. एकोणसत्तर-एकोणऐंशी असली भानगड नको. सहा अंक झाले की थांबायचं, काकांनी तो गट परत वाचायचा, मगच पुढचा. चुकलं तर 'रिपीट' म्हणायचं नाही, 'से अगेन' म्हणायचं. फौजेत 'रिपीट' हा तोफखान्याचा शब्द. तो ऐकला की तोफा त्याच जागी पुन्हा गोळे टाकतात. काकांना हे फार आवडलं. दुपारनंतर तेच शेजारच्या शिफ्टच्या पोरांना 'से अगेन' म्हणून दटावत होते.

इकडे वरिष्ठांना दर दहा मिनिटांनी कॉल हवा होता. मी तासाला एक सिटरेप, म्हणजे परिस्थितीचा अहवाल देईन, तोही लेखी, आणि मधे मुलांना कुणी फोन करणार नाही, असं सांगितलं. एमडींनी ते ऐकलं, उलट दोन गाड्या आणि लागेल तितकी माणसं दिली, कुठलीही टिपणी न मागता. सरकारात तेवढ्याला संध्याकाळ झाली असती.

संध्याकाळी चाकणहून ट्रक सुटले. ऑफिसचे लॅपटॉप शनिवार-रविवारवर ढकलले. नंतर उघड झालेल्या सगळ्या की बदलल्या, नवी पाकिटं केली.

सोमवारी वाद रंगला तो वेगळाच. सरकारी संगणकजाळं सांभाळणाऱ्या एनआयसीच्या नेटवर्कला धक्का लागला नाही, रिझर्व्ह बँकेच्या माहितीप्रमाणे फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, म्हणजे जुनाट यंत्रणाच बऱ्या, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. ते सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून वाचणं वेगळं आणि तयारी होती म्हणून वाचणं वेगळं. आमचा खरा प्रश्न होता, अपडेट आपोआप घ्यायचे की थांबून. थांबलं तर मधल्या वेळात हल्ल्याला दार उघडं. बरीच खडाजंगी झाली. शेवटी ठरलं, की आधी थोड्या चाचणीच्या मशीन, काही तासांनी बाकीच्या आणि डोमेन कंट्रोलर सगळ्यात शेवटी. सुरक्षा टीमच्या प्रमुखानं त्यावर आपली हरकत लेखी नोंदवली. मी ती नस्तीत लावून घेतली.