कॉस उडवू नका

स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. मी आपल्या शाळेच्या फळ्यावरची त्रिकोणमितीच लिहितो, म्हणजे आताच्या मुलांच्या कामी येईल.

२ साइन थीटा × कॉस थीटा = कॉस थीटा. असं समीकरण दिसलं की पहिला मोह दोन्हीकडचा कॉस उडवण्याचा. उरतं साइन थीटा = १/२, आणि ० ते ३६० अंशांत ३० व १५० ही उत्तरं. पण कॉस शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. ९० आणि २७० तिथेच गळतात. सगळं डावीकडे घ्या, कॉस सामाईक काढा: कॉस थीटा × (२ साइन थीटा − १) = ०. आता चारही उत्तरं मिळतात.

वर्ग केला की नेमकं उलटं होतं, नको ती उत्तरं आत घुसतात. साइन थीटा + कॉस थीटा = १ चा वर्ग करून साइन २थीटा = ० येतं, म्हणजे ०, ९०, १८०, २७० आणि ३६०. मूळ समीकरणात घालून बघा: १८० आणि २७० ला बेरीज −१ येते. ती दोन खोडायची. हा ताळा घेतल्याशिवाय वर्ग करूच नये, असं माझं मत.

साइन २थीटा = १/२ मध्ये थीटा ३६० पर्यंत असेल तर २थीटा ७२० पर्यंत जातो. म्हणून ३०, १५०, ३९० आणि ५१० घ्यायचे, निम्मे शेवटी करायचे: १५, ७५, १९५, २५५. आधीच निम्मे केले की दोन हमखास सुटतात.

नित्यसमानता, म्हणजे प्रत्येक कोनाला खरं ठरणारं सूत्र, आठवत नसेल तर एक कोन घालून पडताळतात, पण कोन कोणता हे महत्त्वाचं. ४५ दगाबाज आहे. तिथे साइन आणि कॉस सारखेच, त्यामुळे ‘कॉस २थीटा = २ साइनवर्ग थीटा − १’ ही चूकसुद्धा खरी वाटते. शून्याला ‘साइन २थीटा = २ साइन थीटा’ खपून जातं. ३० घाला, दोन्ही उघडी पडतात: पहिलीत १/२ विरुद्ध −१/२, दुसरीत ०.८६६ विरुद्ध १. अर्थात ३० ला जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं मात्र नाही.

आणि हे पेपरापुरतंच नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टूलरूममध्ये जाणाऱ्यांना साइन बार भेटतोच: दोन टोकांना रोलर असलेली, अचूक कोन लावायची पट्टी. २०० मिमीचा बार ३० अंशांना लावायचा तर एका रोलरखाली २०० × १/२ = १०० मिमीच्या स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे ठोकळे. उंचीत ०.०१ मिमी चूक झाली तर ३० अंशांना कोन सुमारे १२ सेकंदांनी (एका अंशाचे ३६०० सेकंद) चुकतो, ७५ ला सुमारे ४० सेकंदांनी. कारण तिथे कॉस लहान आणि त्यानेच भागायचं असतं. म्हणून ४५ च्या वरचा कोन बारवर थेट न लावता त्याचा कोटिकोन (९० वजा तो कोन) लावतात.