न्यूमार्केटच्या तबेल्यांमध्ये घोडा बघायला गेलो त्याची गोष्ट

ऑक्टोबर आला की इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला रेसचे घोडे विक्रीला निघतात. गवतावरच्या फ्लॅट (म्हणजे अडथळ्यांवरून उड्या नसलेल्या) रेसिंगचा सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला आटोपतो, आणि ज्या घोड्याने वर्षभर काही दिवे लावले नाहीत त्याला अख्खा हिवाळा ट्रेनरकडे ठेवून पैसे भरत बसायला मालक काही तयार नसतो. मोठे व्यवहार टॅटरसॉल्सच्या लिलावात होतात, ही १७६६ पासूनची कंपनी आणि बोली अजूनही गिनीमध्ये लागते, एक गिनी म्हणजे एक पाउंड पाच पेन्स. पण बरेच घोडे लिलावापर्यंत जातच नाहीत, ट्रेनरच्या ऑफिसात फोन करायचा, वेळ घ्यायची आणि सरळ तबेल्यावर जाऊन बघायचं. मी जिथे रायडिंगला जाते तिथल्या बाईंना एक घोडा घ्यायचा होता, शिकवण्यासाठी नाही, स्वतःला जंगलातून फिरायला. मला घोड्यांचं वेड पुण्याच्या रेसकोर्सपासूनचं, त्यामुळे त्या निघाल्या की मी गाडीत आधीच बसलेली.

न्यूमार्केट आपल्या तालुक्याच्या गावाएवढं पण तिथे साधारण ३,००० रेसचे घोडे राहतात. सकाळी एकामागे एक रांगेने वॉरन हिल या व्यायामाच्या टेकडीकडे निघतात, रस्ता ओलांडायला त्यांना वेगळं क्रॉसिंग आहे, आणि गाड्या निमूट थांबून राहतात, कोणी हॉर्न वाजवत नाही. सगळे व्यायाम आटोपून घोडे परतले की दुपारच्या आत बघायला बोलवतात.

बघणं म्हणजे काय तर घोडा खोलीतून बाहेर आणतात, काँक्रीटवर सरळ उभा करतात, तुम्ही बाजूने, समोरून, मागून बघायचं, मग चालवून दाखवतात, मग दुडकी. वंशावळ, रेटिंग, आईने कुठली रेस मारली हे सगळं ऑफिसमधले लोक भराभर सांगतात, पण बाई त्याच्याकडे फारसं लक्षच देत नाहीत, कारण जंगलात फिरायला बापाचं नाव काय कामाचं? त्या आधी खाली बसतात आणि पुढच्या पायांवरून हात फिरवतात. गुडघ्याखाली मागच्या बाजूने टेंडन जातो तो दोरीसारखा घट्ट आणि सरळ लागला पाहिजे, आणि दोन्ही पाय सारखेच गार. एक जरी कोमट लागला किंवा टेंडन थोडा बाहेर फुगलेला वाटला तर तिथेच आभार मानून निघायचं. आणि एक बारकावा त्यांच्याकडून कळला, नुकतंच पायावर गार पाणी मारलेलं असेल तर ऊब लागणारच नाही, म्हणून त्या आधी विचारतात की पाय कधी धुतले, आणि ओले असतील तर चहा घेऊन तासाभराने परत हात लावतात.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोडा बघणारे आधी भोवरे बघतात, गळ्यावरचा शुभ भोवरा म्हणजे देवमण आहे का, मग चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का, आणि इकडे घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, उघडला तर त्यातही घोड्याचं चित्र आणि त्यावर प्रत्येक भोवरा फुलीने दाखवलेला! इथे शुभ-अशुभ काही नाही, ओळख पटवायला ते लागतं, मानेत मायक्रोचिप असते तरीसुद्धा. मी प्रत्येक घोड्याचे भोवरे पासपोर्टशी ताडून बघत होते आणि मला फार भारी वाटत होतं.

पण खरी माहिती मोतद्दाराकडे असते, हे मी अगदी ठामपणे सांगते. न्यूमार्केटमध्ये आता भारतातून आलेले वर्क रायडर, म्हणजे सकाळी घोड्यांना व्यायाम देणारे स्वार, बरेच आहेत, एका तबेल्यात तर साताऱ्याकडचा एकजण भेटला, पुण्याच्या रेसकोर्सवर सुरुवात केलेला. मी मराठीत बोलले तर गडी एकदम खुलला. ऑफिसवाले ज्या उंच करड्या घोड्याचं कौतुक करत होते त्याच्याबद्दल हळूच म्हणाला, "ताई, घोडा गुणाचा हाय, पर ह्यो रात्रभर खोलीत फिरत ऱ्हातो, अंगाला लागत न्हाई त्याच्या काय." मग त्याने पलीकडचा एक दाखवला, चार वर्षांचा तांबडा, खच्ची केलेला, वेग बेताचाच. "ह्यो बघा. ट्रॅक्टर जाऊ दे न्हाईतर कुत्रं भुकू दे, ह्याला काय फरक पडत न्हाई."

लिलावात विकताना घोडा खोलीत फेऱ्या मारतो का, दारात उभा राहून डोलतो का, लाकडाला दात लावून हवा ओढतो का हे आधी जाहीर करावंच लागतं. खाजगी व्यवहारात मात्र तुम्ही विचाराल तेवढंच कळतं, म्हणून सगळं तोंडाने विचारायचं, लाजायचं नाही.

त्या तांबड्याला जवळून बघितलं. दाराची कडा कुठे चावलेली नव्हती, बादलीतले ओट्स संपवलेले, मी आत गेले तर कान पुढे करून त्याने माझ्या जॅकेटचा खिसा हुंगला. पाय गार, तळवे मात्र पातळ, थरोब्रेडचे, म्हणजे या रेसच्या जातीचे, असतातच. एक गोष्ट घरच्या लोकांना माहीत नसते की रेसच्या घोड्यावर रायडरला पाय धरून वर चढवतात, तेही बऱ्याचदा घोडा चालत असताना, त्यामुळे बसेपर्यंत शांत उभं राहायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. आणि लगाम ताणला की तो थांबत नाही, उलट त्यावर रेलून अजून जोर लावतो कारण धावपट्टीवर तेच चालतं. लोक याला तापट म्हणून नावं ठेवतात आणि मला त्याचा खरंच राग येतो, जे शिकवलं तेच तर तो करतोय बिचारा.

बाईंनी त्यालाच हो म्हटलं. व्हेटची पूर्ण तपासणी व्हायचीय, पळवून श्वासाचा आवाज ऐकणार आणि पायांचे एक्स-रेही काढणार. शिवाय एक करार होणार आहे, की हा घोडा परत कधी रेसला उतरवायचा नाही. तो करार ऐच्छिक आहे पण माझ्या मते तो केल्याशिवाय कुठल्याही मालकाने घोडा देऊच नये, नाहीतर दोन हात फिरून थकलेला घोडा परत कुठल्यातरी ट्रॅकवर उभा असतो.

रिपोर्ट चांगला आला तर महिनाअखेरीस तो येईल. येणार म्हणजे लगेच बसायचं नाही, ओट्स हळूहळू कमी करून गवतावर आणायचा, बाईंच्या जुन्या घोडीबरोबर कुरणात सोडायचा आणि वसंत येईपर्यंत खोगीर चढवायचंच नाही. सकाळी गवत टाकायचं काम मी मागून घेतलंय.