आमची वाटचाल : पंप बंद पडलो तर?

बाबा मालवणहून ठाण्यात आले ते प्लंबर म्हणून नव्हे. एका बांधकामावर स्लॅबला पाणी मारायचं काम मिळालं होतं. तिथल्याच प्लंबरच्या हाताखाली ते शिकले आणि 1988 साली त्यांनी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या, गच्चीवरच्या टाक्या, पाणी वर चढवणारे रायझर, खाली आणणारे डाऊनटेक, सगळं असलंच. त्यांची एक खोड होती. काम संपलं, नळ सुरू झाले, सेक्रेटरी खूश झाले की बाबा पंपाचं बटण बंद करायचे आणि पाइपाला कान लावून उभे राहायचे. मी आयटीआय करून नुकताच त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो. मला घाई असायची. ते विचारायचे, "रे, पंप बंद पडलो तर पाणी खय जातला?"

आज आमचं निम्मं उत्पन्न खाऱ्या पाण्याच्या मोठ्या अॅक्वेरियमच्या पायपिंगमधून येतं. या धंद्यात मासे, दगड, दिवे याबद्दल बोलणारे पुष्कळ. पाइपबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून आमचं चालतं.

सुरुवात चुकीनेच झाली. नौपाड्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं प्लंबिंग आम्ही केलं होतं. त्यांनी चार फुटी समुद्री टाकी घेतली आणि खालच्या संपला, म्हणजे जिथे टाकीतलं पाणी उतरतं आणि पंपाने परत वर चढतं त्या छोट्या टाकीला, जोडून द्यायला मला बोलावलं. मी आमच्याकडचा सगळ्यात चांगला माल वापरला, चकचकीत पितळी बॉल व्हॉल्व्ह. आठवड्याभरात टाकीतल्या कोळंब्या मेल्या, मग गोगलगाई. मासे मात्र ठणठणीत. मासे पुरवणाऱ्या माणसाने येऊन नुसतं व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात तांबं सुटत राहतं, आणि माशांना सोसेल एवढं तांबंही बिनकण्याच्या जीवांना मारून टाकतं. घरच्या नळाला जे उत्तम, ते इथे विष. कोळंब्यांचे पैसे मी भरून दिले. डॉक्टरांनी पुढचं गिऱ्हाईक पाठवलं. तेव्हापासून आमच्या या पेटीत पितळ, जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, साधा स्टीलचा क्लॅम्प यांतलं काही नसतं. फक्त यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक.

दुसरा धडा बादलीने दिला. पंपाच्या खोक्यावर ताशी 10,000 लिटर छापलेलं होतं, म्हणून तेवढे मिळणार असं मी धरून चाललो. एक इंची पाइप, सहा एल्बो म्हणजे काटकोनी वळणं, दीड मीटर चढ. पाणी फारच मरतुकडं यायला लागलं म्हणून 20 लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. 15 सेकंद. म्हणजे ताशी 4,800 लिटर, निम्म्याहूनही कमी. पंप परत करायला निघालो होतो, तर बाबा म्हणाले, पाइप बघ आधी. दोन इंची पाइप टाकला, तीन एल्बो काढून टाकले, तोच पंप परत लावला. बादली नऊ सेकंदात भरली. ताशी 8,000.

खोक्यावरचा आकडा चढ शून्य असतानाचा असतो. प्रत्यक्षात चढ असतो आणि त्यावर घर्षण. प्रवाह तोच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला तर घर्षण साधारण बत्तिसावा हिस्सा उरतं. प्रत्येक एल्बो म्हणजे दोन-तीन फूट जास्तीचा सरळ पाइप धरायचा, पाइप मोठ्या व्यासाचा असेल तर त्याहून जास्त. हे गणित सोसायटीच्या कामात बाबा डोक्यात करायचे, मी ते टाकीच्या कामात वहीत करायला लागलो. बादली आजही गाडीत असते. गिऱ्हाइकासमोर बादली धरली की कंपनीच्या तक्त्यापेक्षा लवकर पटतं.

मग मोठी कामं आली. मुलुंडच्या एका घरातली टाकी 2.4 मीटर लांब, 0.9 रुंद, 0.75 उंच. सोळाशे लिटर. काच आणि दगड धरून वजन दोन टनांच्या वर जातं, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ एक टन. राहत्या घराचा स्लॅब साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर धरून काढलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मिळेपर्यंत आम्ही हात लावला नाही. टाकी शेवटी बीमवर आडवी गेली आणि सोफ्याला दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. त्यावरून त्या घरातल्या काकू अजून मला बोलतात.

तिथेच मी खाली उतरणाऱ्या पाइपांचं खरं काम शिकलो. आधीच्या टाक्यांत एकच पाइप असायचा आणि तो हवा गिळत घळाघळा वाजायचा. एका गिऱ्हाइकाच्या आई म्हणाल्या होत्या, रात्रभर कुणीतरी बाटलीतून पाणी ओततंय असं वाटतं. मुलुंडला तीन पाइप टाकले. पहिला काठोकाठ भरून वाहतो, त्याच्या खाली गेट व्हॉल्व्ह. तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळत जायचं, पाइपातली हवा संपली की आवाजही संपतो. दुसऱ्यातून उरलेलं थोडं पाणी जातं. तिसरा कोरडा, सगळ्यात वरच्या पातळीवर. पहिल्यात गोगलगाय अडकली तर तिसरा वाजायला लागतो आणि घरातलं माणूस फोन करतं. आवाज नको म्हणून तिसरा पाइप काढून टाका म्हणणारे भेटतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही.

एवढं सगळं नीट केलं आणि परत येण्याच्या पाइपावर चुकलो. टाकीत पाणी सोडणारं तोंड मी पृष्ठभागाखाली पंधरा सेंटीमीटरवर ठेवलं, दिसायला छान दिसतं म्हणून. पंप थांबला की त्याच तोंडातून पाणी उलटं खाली येतं, ते अडवायला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावला. या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेएकवीस लिटर. संपमध्ये दीडशे लिटरची जागा मोकळी होती. एनआरव्ही आहे ना, मग पुरे, असं वाटलं.

12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकलही जागच्या जागी थांबल्या. साडेदहाला मुलुंडहून काकूंचा फोन, "अहो, घरात समुद्र आलाय!" स्कूटरवरून पोचलो तेव्हा लाकडी जमिनीवर पावणेदोनशे लिटर खारं पाणी होतं. एनआरव्ही उघडून पाहिला, तर पडद्याच्या कडेला चुन्याचा थर. पडदा अर्धा उघडाच राहिला होता आणि पाणी तोंडाच्या पातळीपर्यंत, म्हणजे पंधरा सेंटीमीटर, निवांत उतरलं होतं. सव्वातीनशे लिटर.

घरी आलो. बाबा तेव्हा थकले होते, काम सोडलेलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, पाणी खय गेला ता.

जमीन आम्ही स्वखर्चाने बदलून दिली. त्या वर्षी लॉकडाऊनमुळे तसंही फारसं काम नव्हतं, हा खर्च फार जड गेला. आता परतीचं तोंड पाण्याखाली जेमतेम दोन सेंटीमीटर असतं, म्हणजे पातळी थोडी उतरली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. त्याचसाठी पाइपाला भोकही पाडून ठेवतात, तेही करतो, पण भोक शेवाळाने बुजतं, त्यावर भिस्त ठेवत नाही. एनआरव्ही नाहीच, असं धरून संपची जागा काढतो.

टाकीच्या आतला प्रवाह हा वेगळा विषय आहे, आणि तो मला पाइपापेक्षा मालवणने शिकवला. लहानपणी किल्ल्याजवळ खडक धरून पाण्यात राहिलो की अंग एकदा इकडे, एकदा तिकडे जायचं. पाणी एकाच बाजूने कधी ढकलत नाही. टाकीत मात्र लोक एक जोरदार झोत लावतात. समोरच्या प्रवाळाचं मांस सोलून निघतं आणि दगडाच्या मागे घाण साचते. आम्ही दोन बाजूंना पंख्याचे पंप लावून आलटून पालटून चालवतो. संपमधून ताशी पाणी टाकीच्या चार-पाच पट फिरलं तरी बास, पण दगडी प्रवाळाला आतल्या आत तीस-चाळीस पट प्रवाह लागतो. सोळाशे लिटरला ताशी जवळजवळ पन्नास हजार लिटर. चढवायच्या पंपाने हे करायला गेलात तर विजेचं बिल आणि पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं बिल दोन्ही फुगतील. पंख्याच्या पंपाला पाणी उचलायचंच नसतं, त्यामुळे तो थोड्या वॉटमध्ये भागवतो. इन्व्हर्टरवरही आम्ही हेच पंप ठेवतो. वीज गेल्यावर मासे मरतात ते प्राणवायूविना, आणि पृष्ठभाग हलता राहिला तर रात्र निघते.

खरं प्रवाळ मात्र आम्ही इथे लावत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत दगडी प्रवाळ आहे. 1987 पासून मालवणचा समुद्र अभयारण्य आहे, तरी "कोकणातून आणून द्या ना" म्हणणारे फोन येतात. आमच्या टाक्यांत ओतीव दगड आणि नकली प्रवाळ असतं. जिवंत प्रवाळाचं काम आम्ही फक्त कागदावर करतो. पुतण्या दुबईत एका अॅक्वेरियमच्या दुकानात आहे, तिथल्या टाक्यांच्या पायपिंगचे आराखडे ठाण्यातून जातात. तो सगळा माल इंचात मागतो आणि इथला निम्मा माल मिलिमीटरमध्ये असतो. यावरून आमची दर आठवड्याला भांडणं.

सध्या पुण्यात एका बंगल्यात अडीच हजार लिटरचं काम चालू आहे. आमच्या कोटेशनमध्ये आता शेवटची ओळ असते, "बंद चाचणी, तीन वेळा". त्या साहेबांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "अहो, पंप चालू करायचे पैसे समजू शकतो. बंद करायचे कसले घेता?"

मी त्यांना संपजवळ स्टुलावर बसवलं, काचेवर खडूने रेघ मारली आणि मेन स्विच त्यांनाच पाडायला सांगितला.