शिकोकूची पदयात्रा: अकराव्या मंदिरापासून बाराव्यापर्यंत

जपानच्या शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची पदयात्रा करायची असेल, तर ‘परदेशी पाहुण्यांना यात्रेची ओळख’ असला कार्यक्रम पैसे भरून अजिबात घेऊ नका. मला तो एका सहल कंपनीने विकला. पांढरा अंगरखा चढवला, शंकूच्या आकाराची गवती टोपी बांधली, ढीगभर फोटो काढले आणि तेच सामान दुप्पट भावाने गळ्यात मारलं. पांढरा रंग कफनाचा, काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी (ज्यांच्या नावाने ही यात्रा चालते ते बौद्ध संत), एवढं सांगितलं. त्या काठीशी वागायचं कसं, ते सांगितलं नाही. आणि अकराव्या ते बाराव्या मंदिराची वाट म्हणे ‘छान झाडीतली’. राग आहे तो याचा.

सामान पहिल्या मंदिरातच घ्या. ते म्हणजे र्योझेन्-जी, बांदो स्टेशनवरून चालत गाठता येतं. अंगरखा, टोपी, काठी, मंदिरांचे शिक्के घ्यायची वही आणि स्वतःचं नाव लिहायच्या चिठ्ठ्या, साधं घेतलंत तर दहा हजार येनच्या आसपास सगळं बसतं. पुढची मंदिरं दहाव्यापर्यंत सपाटीची. दहाव्याच्या ३३३ पायऱ्या सोडल्या तर पायांना काही त्रास नाही.

आता खरी गोष्ट. अकरावं मंदिर फुजिइदेरा, कामोजिमा स्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर. मुख्य देवळाशेजारून वाट डोंगरात शिरते आणि बाराव्या शोसान्-जीपर्यंत साधारण तेरा किलोमीटर जाते. या वाटेचं जुनं नाव हेन्रो-कोरोगाशी, यात्रेकरूला गडगडवणारी. सहा अवघड टप्प्यांवर १/६, २/६ अशा पाट्या लावल्या आहेत. त्या पाट्या पाहून हिशेब करू नका, फसाल. कारण वाट एकदा चढून संपत नाही. चढून चढून प्रचंड सीडरखाली कोबो दाइशींचा मोठा पुतळा येतो, आणि शोसान्-जी आलंच असं वाटतं. पण ते असतं जोरेन्-आन, वाटेतलं एक छोटं देऊळ. तिथून वाट सरळ खाली साउचीच्या वस्तीत उतरते. मिळवलेली उंची डोळ्यांदेखत जाते, आणि मग सातशे मीटरवरच्या शोसान्-जीचा चढ पुन्हा पायथ्यापासून. मांड्या पेटलेल्या, पानं ओली, दगड निसरडे. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर हा टप्पा करू नका, मंदिराच्या जवळपर्यंत मोटारीने जाता येतं. बाकी सगळ्यांनी मात्र करावाच. शेवटच्या वळणावर देवळाच्या वाटेकडेचे सीडर दिसले तेव्हा मला रडू आवरलं नाही.

सकाळी लवकर निघा. दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं सोबत घ्या, वाटेत दुकान नाही. धडधाकट माणसालाही पाच-सहा तास धरा. शिक्का देणारी खिडकी संध्याकाळी पाचला बंद होते. मुक्काम आधीच फोन करून ठरवा. तिथे पोहोचून खोली शोधायला लागलात तर अंधारात उतराल.

आता त्या काठीचं. पुलावर ती टेकवायची नाही, उचलून धरायची. ओझूत एका पुलाखाली कोबो दाइशींनी थंडीतली रात्र काढली अशी आख्यायिका आहे. त्यांची झोप मोडू नये म्हणून. मुक्कामी पोहोचलात की स्वतःच्या पायांआधी काठीचं टोक धुवा आणि काठी मानाच्या जागी उभी करा. घरमालकीणबाई पाहतात, आणि जो असं करतो त्याच्याशी त्या वेगळ्याच मायेने बोलतात. शौचालयात काठी नेऊ नका. टोक झिजून दातरलं तर सुरीने तासू नका, दगडावर घासा.

देवळातली घंटा येताना वाजवायची, निघताना नाही. दुसऱ्याच्या मेणबत्तीवर आपली पेटवू नका, त्याचं दुर्दैव घेतलं असं मानतात. आधी दर्शन आणि पठण, मगच वही पुढे करा. शिक्क्याचे ३०० येन होते, २०२४ पासून ५०० झालेत. म्हणजे ८८ चे ४४,००० येन होतात, तेवढे रोख बाजूला काढून ठेवा. हे पैसे वसूल आहेत. तीन लाल ठसे, आणि त्यांवरून ब्रशने झरझर काळ्या शाईत लिहिणारा हात, हे समोर पाहायला मिळतं.

ओसेत्ताई, म्हणजे यात्रेकरूला दिलेली भेट, मात्र पैशांत मोजू नका. वाटेत लोक काही ना काही देतात, आणि ते नाकारायचं नसतं. कारण त्यांच्या दृष्टीने ते दाइशींना दिलेलं असतं, यात्रेकरू फक्त वाहक. वारीत चालणाऱ्याला हा भाव ओळखीचा वाटेल. एक आजी घराच्या पायरीवरून उतरल्या आणि माझ्या हातात मिकान (छोटं जपानी संत्रं) ठेवलं. त्याखाली घडी घातलेल्या कागदात शंभर येनची नाणी होती. दोन्ही हात जोडून त्या वाकल्या, मीही वाकले, आणि नाव-तारीख लिहिलेली पांढरी चिठ्ठी त्यांना दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. यासाठी चिठ्ठ्या आधी लिहून खिशात ठेवा. एकदा-दोनदा यात्रा केलेल्याने पांढरीच वापरायची. सोनेरी पन्नास किंवा जास्त वेळा केलेल्यांची असते, दिसायला छान म्हणून घेऊ नका.

आणि शोसान्-जीहून त्याच दिवशी तेराव्याला पोहोचायचा बेत आखू नका. पुढचं दाइनिची-जी वीस किलोमीटरहून लांब आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला फोड आलेत का पाहा, मोजे बदला आणि मग निघा.